निवायच्या आधी

"सूनबाई, ही काच वरून गार लागते, आतून नसते. उद्या सकाळपर्यंत कोठीचं दार उघडायचं नाही."

"हो मामंजी, ऐकलं," बतनोआम म्हणाली. यांना सगळ्याचीच भीती, असं तिच्या मनात आलं.

सीदोनच्या त्या भट्टीशेजारी मंद धगीची कोठी होती. फुंकलेली भांडी तिच्यात हळूहळू निवत. फुंकून फुंकून छाती गेली, तेव्हापासून तिचा सासरा, म्हातारा गेर्सकोन, त्या दाराशीच बसून असायचा.

तो जेवायला उठला आणि कुप्र बेटावरून शेजारी माहेरी बाळंतपणाला आलेली अरिशत तान्ह्याला घेऊन धापा टाकत आली. बाळाला ओढून पिता येत नव्हतं. त्याच्यासाठी बतनोआमच्या नवऱ्याने, अब्देश्मूनने, चोचीचं इवलंसं भांडं फुंकलं होतं.

"दे गं ते. आज संध्याकाळी जहाज सुटतंय, उद्या कुठली मी इथे?"

"अगं, पण मामंजी..."

"बघ तरी याच्याकडे! हाडं मोजून घे."

बतनोआमने स्वतःच्या गुबगुबीत लेकीला कडेवर सावरलं आणि दार उघडलं. भांडं कोमट होतं, निळसर, कुठे बुडबुडाही नाही.

"घे, पळ!"

उन्हं कलली तेव्हा कोठीत टिक झालं. मग पुन्हा. अब्देश्मूनने बघितलं तर दाराजवळच्या सगळ्या कुप्या तडकलेल्या.

"बाबा, दार उघडं टाकून झोपलात ना? आठवड्याची कमाई गेली!"

म्हातारा गोंधळून दाराकडे बघत राहिला. "लागली असेल रे डुलकी."

"उद्यापासून घरी बसा. कोठी दुसरं कुणी बघेल."

बतनोआम खाली मान घालून मसूर निवडत राहिली. म्हातारा काठी शोधत उठला. लेकीने रिकामी वाटी तोंडाला लावली, तिची कड दातांवर वाजली, तेव्हा कुठे बतनोआमच्या लक्षात आलं. तेही भांडं तडकणार. बाळाच्या तोंडात.

"मी उघडलं दार," ती किंचाळलीच. "बाळाचं भांडं मी दिलं!"

अब्देश्मून तसाच अनवाणी बंदराकडे धावला. शीड धक्क्यापासून लांब गेलं होतं.

"तेव्हाच बोलली असतीस, पोरी," गेर्सकोन एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तिने त्याच्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

आता ती रोज धक्क्यावर उभी असते, भेटेल त्याला विचारते. तुम्हीही कुप्र बेटाकडे निघाला असाल, तर कितिओनला तांबटांच्या आळीत अरिशतचं घर विचारा. बाळ कसं आहे, बघून या. कुणी पाठवलं म्हणाले, तर बतनोआमने, असं नाव घेऊनच सांगा.