पालथं टरफल

डेल्फिनाच्या मते तिच्या नातीने घराण्याचं नाक कापलं होतं, आणि तेही एकदा नव्हे, रोज सकाळी सात वाजता, वीस-पंचवीस परक्या माणसांसमोर.

"बघ, पुन्हा बघ," धाकट्या बहिणीच्या फोनवर बोट आपटत ती म्हणाली. "साग्वारोचं फळ काढलं, फोडलं, गर काढला. इथवर ठीक. आणि टरफल? पालथं! मातीत तोंड खुपसून! आपल्यात कुणी असं ठेवलंय कधी?"

फोनमध्ये तिची नात लोरिन शहरातल्या वाळवंटी बागेत, साग्वारोच्या खांबासारख्या उंच निवडुंगांमधून लोकांना फेरी घडवत होती. डोक्यावर रुंद टोपी, छातीवर नावाची पट्टी, आणि बोलणं असं गोड की मधमाश्या बसाव्यात.

"शिकवलं नसेल तिला कुणी," वर्नलिन म्हणाली.

"मग गप्प बसावं. येत नाही ते शिकवायला कशाला उभं राहावं? बापाच्या घरी वाढलेली पोर. नळ सोडला की पाणी येतं. हिला पावसाची काय पडलीय?"

उघडलेल्या टरफलाचं लाल पोट आभाळाकडे करायचं, म्हणजे आभाळाला ते दिसतं आणि पाऊस येतो. गावातलं नुकतं चालायला लागलेलं पोरही फळ खाल्लं की टरफल उताणं ठेवतं. त्याला सांगावं लागत नाही.

"तिला फोन कर ना, ताई."

"फोनवर कान धरता येतो का?"

खरं तर फोन लोरिनच करायची. दर मे महिन्यात. "आजी, यंदा फळं काढायला रानात मांडव घालणार का? मी येऊ?" आणि डेल्फिना दरवर्षी एकच उत्तर द्यायची, "गुडघे दुखतात माझे." तेच गुडघे घेऊन ती शनिवारी उजाडता उजाडता वर्नलिनच्या गाडीत चढली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेल्या मोठ्या पातळ पोळ्या, आत तपकिरी घेवड्याची उसळ. पोरीला झापायचं, मग खायला घालायचं, असा बेत होता.

फेरीत ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली. वर्नलिनची टोपी नाकापर्यंत ओढलेली, डोळ्यांवर काळा चष्मा.

"चोरासारखी दिसतेस," वर्नलिन कुजबुजली.

"आणि तू चोराच्या बायकोसारखी. चल मुकाट."

बागेत प्रत्येक झाडासमोर नावाची पाटी रोवली होती. डेल्फिनाला ते काही रुचलं नाही. कैद्यांना उभं केल्यासारखं वाटलं तिला. पण लोरिन पाट्या वाचत नव्हती. चिकट पानांच्या एका झुडपापाशी थांबून तिने सगळ्यांना ओंजळीत पानं धरायला लावली, त्यांवर तोंडाची वाफ सोडायला सांगितलं. "आता वास घ्या. आमच्याकडे पाऊस येण्याआधी असाच वास येतो." उत्तरेच्या बर्फातून आलेली एक जाडी बाई, नाकावर पांढरं मलम थापलेली, डोळे मिटून तो वास घेत राहिली.

पुढे एक उंच साग्वारो आला. कुणीतरी त्याला टिचकी मारायला गेलं, तेव्हा लोरिन पटकन म्हणाली, "हळू हं, ती माणसं आहेत. आमच्यात यांना माणसंच म्हणतात. तुम्हाला कुणी अशी टिचकी मारली तर?"

लोक हसले. डेल्फिनाचा ऊर भरून आला. तिने लगेच तोंड वाकडं केलं, वर्नलिनने पाहू नये म्हणून.

मग लोरिनने आकडी उचलली. वाळलेल्या साग्वारोच्या फासळ्या एकीला एक बांधून केलेली लांब आकडी, अगदी घरी असायची तशी. फळ खाली पडलं. तिने ते फोडलं, पहिला गर छातीला लावला, पुटपुटून आभार मानले. सगळं जसंच्या तसं. मग ती खाली बसली, टरफल पालथं घातलं आणि वरून तळहाताने हलकेच दाबलं.

"अगं बाई, हे काय!" वर्नलिनच्या तोंडून निघालंच. डेल्फिनाने तिच्या दंडाला चिमटा काढला.

मलमवाल्या बाईने विचारलं, "पालथं का ठेवलंत?"

"माझ्या आजीचं बघून," लोरिन म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. फळं काढायला आम्ही दोघीच रानात गेलो होतो. आजीला वाटलं, मी मांडवात झोपलेय. मी पडल्या पडल्या बघत होते. ती एकेका साग्वारोपाशी जायची, टरफल असं पालथं ठेवायची, वर हात ठेवून जरा वेळ बसायची. एकही सुटलं नाही तिच्या हातून. इतक्या मायेनं काही करताना मी कुणाला पाहिलेलं नाही."

"पण त्याचा अर्थ काय?"

"विचारलं नाही मी. आमच्या आजीला प्रश्न चालत नाहीत." पुन्हा हशा. "मला वाटतं, आधी मातीचं तोंड गोड करायचं, मग आभाळाकडे मागायचं."

डेल्फिनाने आपला उजवा तळहात लुगड्यासारख्या घोळदार झग्याला पुसला. सोळा वर्षांपूर्वीची माती अजून तिथे चिकटली असावी, तसा.

तिची एकुलती लेक ग्लोरिया, लोरिनची आई, ऑगस्टातल्या पावसात गेली. डोंगरात पाऊस पडला, गावाजवळचा कोरडा ओढा घटकेत भरला, आणि ग्लोरियाची गाडी वाहून गेली. पुढच्या जूनमध्ये डेल्फिना नातीला घेऊन रानात गेली आणि तिने आभाळाला तोंड दाखवलं नाही. एकेक टरफल पालथं घातलं, वर हात दाबून पावसाला म्हणाली, येऊ नकोस. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.

ती माया नव्हती. तो राग होता.

त्यानंतर तिने मांडव घातला नाही. बाप पोरीला शहरात न्यायला आला तेव्हा "ने" म्हणाली. पोरीच्या चेहऱ्यात ग्लोरिया दिसायची, आणि ते तिला सोसत नव्हतं. गावात सांगितलं, बापाने पोर नेली. सगळ्यांनी बापाला नावं ठेवली. सगळ्यांत जास्त तिनेच.

फेरी संपली, माणसं सावलीच्या शोधात पांगली. डेल्फिना मागे राहिली. गुडघे कुरकुरले, तरी ती उकिडवी बसली आणि तिने ते टरफल उलटलं. आतला लाल रंग मातीने माखला होता. तो ती बोटाने पुसू लागली.

"मावशी, ते राहू द्या, ते पालथंच..." मागून आवाज आला आणि थांबला. "आजी? आजी, तू?"

"उताणं असतं हे," डेल्फिना वर न बघता म्हणाली.

"पण तू तर..."

"मी काय करत होते ते मला माहीत आहे." तिने चष्मा काढला. "तुझी आई पाण्यात गेली. मी पावसाला नको म्हणत होते. बाकी काही नव्हतं त्यात. मातीचं तोंड गोड वगैरे तुझ्या मनचं."

लोरिन तिथेच शेजारी मातीत बसली. मग तिने हळूच विचारलं, "आला होता पाऊस, त्या वर्षी?"

उत्तर वर्नलिनने दिलं. "नाही आला. जुलै कोरडा, ऑगस्ट कोरडा. माझ्या चार गाई गेल्या." तिने बहिणीकडे पाहिलं. "ताई, तू माझ्याबरोबर रडली होतीस त्या गाईंसाठी."

"रडले होते. खोटं नव्हते रडले."

पोळ्यांचं गाठोडं उचलून वर्नलिन झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली, पाठ करून.

"दोन वर्षं मी हे सगळ्यांना दाखवतेय," लोरिन म्हणाली. "रोज. शाळेच्या पोरांनासुद्धा. आजी, दर वर्षी फोन करून विचारत होते ना मी? एकदा ये म्हणाली असतीस, तरी मला हे कळलं असतं."

गुडघे दुखतात, हे आता डेल्फिना कुणाच्या तोंडावर म्हणणार? पोरीचे डोळे भरले होते, आणि त्यांत थेट ग्लोरिया बसली होती. या वेळी तिने मान फिरवली नाही. तिने लोरिनचा हात धरला, टरफलावर आणला, लाल पोट वर आहे ना ते बोटांनी चाचपू दिलं.

मग, बाकावर वर्नलिनलाही ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली, "ऐक, लोरिन. शिकणारी तू चांगली आहेस, शिकवणारी तुला वाईट मिळाली. उद्या त्या लोकांना सांग, आजीने चुकीचं दाखवलं. आणि नुसतं आजी म्हणू नकोस. माझं नाव घेऊन सांग."