पाटलिणीची खाट

खाट तुटली नाही.

नाटकाच्या दुसऱ्या अंकात मी पाटलीण होऊन येते, नवऱ्याला झापते आणि "थकली बाप्पा मी" म्हणत खाटेवर बसते. खाट मोडते, माझे पाय वर जातात आणि शामियाना फाटेल असा हशा उठतो. कित्येक हंगाम हे असंच चाललं. त्यात युक्ती काही नव्हती. सुताराकडून हलक्या लाकडाची खाट करून घ्यायची, बाकीचं काम माझ्या अंगानं करायचं. पोस्टरवर माझ्या नावाआधी 'हास्याचा रणगाडा' असं छापतात. आमच्या वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत नाटक बघणाऱ्या कोणालाही दुर्गा कोण हे सांगावं लागत नाही.

यंदाच्या पहिल्या प्रयोगात मी बसले. खाट कुरकुरली आणि गप्प झाली. मी जरा उठून पुन्हा आदळले. नाही. समोरची सगळी माणसं तोंड अर्धवट उघडून हसायची वाट बघत होती, आणि मी एसटीची वाट बघत बसल्यासारखी खाटेवर बसून होते. मागून कोणीतरी ओरडला, "अवं दुर्गे, जेवली नाई का?" त्यावर हशा आला. पण तो त्याचा होता, माझा नव्हता.

सरळ सांगते, त्यात लाजायचं काय. मागचा हंगाम संपल्यावर मी नागपूरला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं. सगळ्यांना सांगितलं, गुडघे गेलेत, साखर वाढली आहे. खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मला हलकं व्हायचं होतं. किती, ते माझं मलाही माहीत नव्हतं. वाऱ्यानं उचलावं इतकं, असं काहीतरी.

सुरुवातीला वजन पाण्यासारखं वाहून गेलं. एकशे बेचाळीसचं एकशे आठ झालं. मग पावसाळा लागला आणि काटा रुतला, चिखलात बंडीचं चाक रुततं तसा. दोन चमचे वरण, एक अंडं, मोजून गोळ्या, फणीत केसांचे पुंजके. रोज चालते, गोड तोंडात घालत नाही, तरी काटा एकशे आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधे असं थांबतं. पुन्हा सरकेल, कदाचित तुम्हाला हवं तेवढं सरकणार नाही. गुडघे कसे आहेत?" गुडघे मजेत होते. साखरही उतरली होती. पण मी गुडघ्यांसाठी गेलेच नव्हते ना!

मोबाइलवर ऑपरेशन झालेल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात बाया आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकतात. एकीलाही मी ओळखत नाही, पण सकाळी डोळे उघडले की आधी त्यांच्यावर जळून घेते, मग तोंड धुते. आणि गावोगावचे लोक विचारतात, "ऑपरेशन करून बी एवढीच?" एवढीच! जसं काही मी यांच्या घरून मांस उसनं नेलं होतं आणि परत करायचं राहिलं.

आमच्या कंपनीची रात्र दिवसा होते. रात्रभर प्रयोग, पहाटे टेम्पो, मग कोणत्या तरी गावात शाळेच्या खोलीत सतरंज्या. टेम्पो जंगलातून जातो तेव्हा धुकं इतकं असतं की झाडं येतात आणि जातात, रस्ता जागीच राहतो. मी पडद्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकवते आणि तेच स्वप्न पडतं. मी सावरीच्या कापसाची चिमूट झालेली असते. बोंड फुटतं, वारा येतो, मी निघते. खाली कापलेल्या धानाची खाचरं, म्हणजे आमच्या बांध्या, मोहाची झाडं, लांब वैनगंगा पडलेली, पांढरी. आणि मी चढू लागले की पाय धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागतो. एक पाय, टाचेसकट, माझाच. मी पुन्हा उडते, पुन्हा धुरा लागतो. स्वप्नात कोणी हसत नाही. तेच जास्त वाईट.

त्या पहिल्या प्रयोगानंतर आम्ही आरमोरीच्या पुढच्या एका गावात उतरलो. ऊन वर आलं तेव्हा इतवारीबाईनं मला उठवलं. ती आमचे कपडे सांभाळते. तिच्या एका हातात माझं जुनं पोलकं होतं, दुसऱ्या हातात सावरीच्या कापसाचं पोतं.

"उभी राह्य पोरी. मुखरूनं सांगितलं, तुले भरा लागते."

मुखरूभाऊ म्हणजे आमचा दिग्दर्शक आणि रंगमंचावरचा माझा नवरा. अंगानं तुरीची काडी. तो दारात उभा राहून तंबाखू मळत होता.

"लोकं दुर्गीले पाहाले येतात," तो म्हणाला. "अर्धी दुर्गी पाहाले नाई. तू हे बांध, खाटीचं मी पाह्यलं."

मी उभी राहिले. झोप डोळ्यांवर होती. इतवारीबाई पोलक्यात कापूस कोंबू लागली. पाठीत, दंडात, मग पोटाशी. कोंबते आणि चाचपते, कोंबते आणि चाचपते.

"अजून जागाच आहे," ती म्हणाली. "अवो माय, केवढी होती वो तू!"

पोतं संपलं. तिनं स्वतःची उशी फाडली. तीही आत गेली. पांढरे धागे उन्हात तरंगत होते, माझ्या पापण्यांवर बसत होते, आणि मला कळेना मी जागी आहे की टेम्पोत आहे. मग तिनं कमरेला दोरी आवळली आणि आरसा समोर धरला.

आरशात ती उभी होती. जुनी दुर्गा, अख्खीच्या अख्खी. मी तिला रोज शिव्या देत होते, की बाई तू गेलीच नाहीस, अजून इथंच ठाण मांडून आहेस. आणि ती तर कधीच गेली होती. एका पोत्याची आणि एका उशीची बाई माझ्यातून निघून गेली होती, आणि मी काट्याकडं बघत बसले होते. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. आपल्याला ओळखणारं माणूस लांबच्या बाजारात दिसावं, तसं.

मग माझंच डोकं तापलं. मी दोरीची गाठ ओढली.

"हे नाई होनार."

"काऊन?" मुखरूभाऊ म्हणाला.

"जे उतरवाले पोट कापलं, ते दोरीनं परत अंगावर बांधू? तूच बांध."

"मंग लोकं हासतीन कायच्यावर? तुह्या रिपोर्टावर?"

"ते मले काय माहीत. तू दिग्दर्शक आहे."

त्यानं तंबाखू ओठात सारली. "संध्याकाळपर्यंत सांग. नाई तं चंचलले फोन करतो. भरली आहे अंगानं. उद्यापासून पाटलीण ते करन."

चंचल दुसऱ्या कंपनीतली. चांगली पोरगी आहे, काम बेकार करते. माझी पाटलीण तिच्या अंगावर! पोलकं तिथंच टाकलं आणि केसांत कापूस घेऊन बाहेर पडले.

मंडप एका बांधीत उभारला होता. धान निघून गेलेलं, खाली लाखोरीचं हिरवं पीक, बाजूच्या बांधीत बाया लाखोरीची भाजी खुडत होत्या. रंगमंचावर कोणी नव्हतं. शामियान्याच्या गुलाबी-हिरव्या कापडातून ऊन गाळून येत होतं आणि त्या रंगीत पाण्याच्या तळाशी खाट उभी होती. मी चढले आणि तिच्यावर आडवी झाले. म्हटलं, तुटायचं असेल तर आत्ता तूट, कोणी बघत नाही. ती कुरकुरली, गप्प झाली. मला झोप लागली.

पुन्हा कापूस. पुन्हा वारा. बांध्या, मोह, वैनगंगा. पाय धुऱ्याला लागला. आणि या वेळी मी उडी मारलीच नाही. कंटाळले होते. मी धुऱ्यावर बसले. धुरा उन्हानं कोमट झाला होता. तो खचला नाही. मी कापूस आहे की बाई आहे, असं त्यानं विचारलं नाही. बसले तशी बसून राहिले.

"दुर्गे, आइक," धुऱ्याच्या दुसऱ्या टोकावरून मुखरूभाऊ म्हणाला. "चंचलचं मी रागात बोल्लो..."

कडाड!

डोळे उघडले तेव्हा खाट एका कोपऱ्यात खचली होती, मी उशाकडच्या उंच टोकाला धरून बसले होते, आणि मुखरूभाऊ फळ्यांवर उताणा पडला होता, पायांच्या दोन्ही काड्या वर.

बाजूच्या कनाती अजून लागल्या नव्हत्या; बांधीतून आधी एकच बाई हसली. मग सगळ्या हसल्या. एकीनं ओच्यातली भाजी खाली सांडली. "अवो पाहा वो! पाटलीन बसली तं काई नाई, पाटीलच जड झाला!"

मी हसले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

चमत्कार वगैरे काही नव्हता. त्यानं सकाळीच पायथ्याकडचा एक पाय करवतीनं अर्धा कापून ठेवला होता, मी बसते त्याच कोपऱ्यात. मी उशाकडं सरकून झोपले, आणि समजूत काढायला आला तो नेमका त्या कोपऱ्यावर टेकला. स्वतःच कापलेला पाय विसरला, गाढव.

"आज हेच कराचं," मी म्हणाले. "मी बसते, खाट तुटत नाई. लोकं वाट पाहतीन. पाहू दे. मंग तू माही समजूत काढाले येऊन बस."

"मी?" तो कंबर चोळत म्हणाला. "माह्याखाली तुटन, तं मानतीन का लोकं?"

"ह्या बायाईनं मानलं ना?"

"अवं, पन रोज रोज? माही कंबर?"

"इतके हंगाम मी पडली, मुखरूभाऊ. तवा कंबर कोनाची होती?"

तो उठला. मोडका पाय उचलून, निरखून बघत म्हणाला, "पुढच्या टायमाले थोडा कमी कापतो. पट्टकन तुटला." म्हणजे झालं. चंचलचा विषय निघाला नाही.

काटा आजही एकशे आठ दाखवतो. मला तो आवडत नाही, आणि समाधान मान म्हणणाऱ्यांना माझ्यासमोर येऊ नका असं माझं सांगणं आहे. ग्रुपवरच्या फोटोंवर मी अजून जळते.

त्या दुपारी सुतारानं खाटेच्या पायाला पट्टी ठोकली. प्रयोगाला वेळ होता, मी पुन्हा आडवी झाले. इतवारीबाई आली. पोलक्यातला सगळा कापूस काढून तिनं उशीत परत भरला होता, उरलेल्याची दुसरी उशी शिवली होती. ती नवी उशी तिनं माझ्या डोक्याखाली सरकवली.

"घे," ती म्हणाली. "तुहीच आहे."

मी डोकं टेकवलं. मऊ होती, ऊन लागून गरम झालेली. बाजूच्या बांधीत बाया अजून मधेच हसत होत्या.