अर्ध्यावर उतरवलेलं शीड

गलबत आमच्या घरचं, म्हणजे उम्माकडून, माझ्या आईकडून, माझ्याकडे येणारं, आणि पोक्कर नाखवा त्याच्या सुकाणूवर आला तो माझ्याशी निकाह लागल्यावर. दिवस मावळला की तो आमच्या पायऱ्या चढून येई, त्याच्यासाठी राखलेल्या खोलीत निजे आणि उजाडता बंदरावर जाई. आमच्याकडे जावई असाच नांदतो, आणि पायऱ्या चढायचा हा मान ज्याला मिळतो त्यानं तो सांभाळावा, एवढीच घराची अपेक्षा असते. पोक्करनं तो सांभाळला होता. बाजारात त्याचं नाव काढताना लोक आवाज थोडा चढवत, आणि ते मला आवडे. खोटं कशाला बोलू?

बंदराच्या तोंडाशी, जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर सरकारची निशाणकाठी होती. तिच्यासमोरून येताना देशी गलबतानं शीड अर्ध्यावर उतरवायचं, आणि काठीवर हिरवं निशाण चढेल तेव्हाच ते पुन्हा वर न्यायचं, असा नियम होता. साहेबाच्या होडीला आडवं जाऊ नये, धक्क्यावर ओरडून बोलू नये, बंदराच्या पाण्यात राख टाकू नये, असे आणखीही होते. ते लोकांनी कधी मनावर घेतले नाहीत. शिडाचा नियम मात्र सगळे पाळत. एकटा पोक्कर तेवढा दक्षिणेच्या खडकांमधून भरतीबरोबर आत शिरे, जिथून काठी दिसत नाही आणि काठीला गलबत दिसत नाही. त्या वाटेनं गलबत आणायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी गलबत लाकडांनी भरून पाण्यात खोल बसलं होतं, खडकांमधून नेलं असतं तर तळ फुटला असता. तो समोरून आला. आम्ही बायका माडीच्या जाळीशी उभ्या होतो आणि धक्का माणसांनी भरला होता, कारण पोक्कर नाखवा आज काय करतो हे सगळ्यांनाच बघायचं होतं. त्यानं काठीकडे एकदा पाहिलं, हात केला, आणि शीड अर्ध्यावर आलं.

मग हिरवं निशाण चढलंच नाही. ऊन चढलं, सावल्या आखडल्या, मागून आलेले दोन मचवे शिडं उतरवून, आपलेआपण पुन्हा वर घेऊन निघून गेले, पण पोक्कर थांबला. नियम पाळायचा तर पुरा पाळायचा, असा त्याचा स्वभाव. धक्क्यावरचे लोक आधी गप्प होते, मग हसू लागले, आणि शेवटी कंटाळून जेवायला गेले. ओहोटी फिरली तेव्हा पाण्यानंच गलबत आत आणून सोडलं, शीड तसंच अर्ध्यावर.

"काठीखाली एक माणूस उभा होता," घरी आल्यावर तो मला म्हणाला. "सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. हसत होता बहुतेक."

त्यानंतर त्या गलबताचं शीड अर्ध्याच्या वर गेलं नाही.

प्रथम कुणी मनावर घेतलं नाही. अवरान तांडेल कप्पीला तेल घालून आला, दोर बदलला, मग परबाण, म्हणजे शिडाचा आडवा वासा, उतरवून सुताराकडून तासून घेतलं. शीड सरसर वर जाई आणि डोलकाठीच्या मध्यावर येऊन थांबे, अडकल्यासारखं नव्हे, तर थांबावंसं वाटल्यासारखं. सात खलाशी दोराला लोंबकळले तरी तसूभर हललं नाही.

"नाखवा, ह्याला कुणाची लाज वाटते हो?" अवराननं सगळ्यांदेखत विचारलं, आणि खलाशी खो खो हसले. पोक्कर हसला नाही. अवरानला त्यानं शिवीही दिली नाही, आणि मला घोर लागला तो त्या न दिलेल्या शिवीचा.

मग घरात. आमच्या मधल्या दालनात पितळेचा मोठा दिवा साखळीला टांगलेला असे. तिन्हीसांजेला तो पेटवून साखळी ओढायची की तो तुळईपर्यंत जाई. तो अर्ध्यावर राहू लागला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. लोहार येऊन गेला, साखळीत त्याला काही सापडलं नाही. दिवा काढून टाका असं कुणीच म्हणालं नाही, हे मला आता नवलाचं वाटतं. आम्ही त्याच्याखालून वाकून जायला शिकलो, आधी बायका, मग पोरं, आणि एके दिवशी माझा बीरानमामा, जो कलेक्टरापुढेही वाकला नव्हता, तोही बोलता बोलता वाकून दिव्याखालून गेला आणि बोलतच राहिला.

पोक्कर जेवायला बसला की घास घेतलेला त्याचा हात छातीपर्यंत येई आणि तिथंच थांबे. मग तो तोंड खाली नेऊन घास घेई. मी समोर बसून मासळीचं कालवण वाढत राही आणि भिंतीकडे बघे. त्याला माझी लाज वाटत होती की मला त्याची, हे त्या खोलीत ठरवता आलं नसतं.

शेजारच्या माडीवरून उम्मीबीनं मला हाक मारली, "कदीसू, तुमच्या गलबताला वरची हवा सोसत नाही म्हणे?"

"तुझ्या नवऱ्याच्या मचव्याला खालची तरी सोसते का?" मी म्हटलं. बाई खिडकीतून बाजूला झाली. पण मी आत येऊन कितीतरी वेळ उभीच होते.

शेवटी घराचा कारभार बघणाऱ्या बीरानमामानं मला बोलावलं. "वारा फिरायच्या आत लाकूड एडनला गेलं पाहिजे. तुझ्या नाखव्याकडून होत नसेल तर सुकाणू दुसऱ्याकडे देतो."

"आणि नाखवा?"

"ज्याच्या हातात आपलं सुकाणू नाही, त्यानं आपल्या पायऱ्या कशाला चढायच्या?" मामा शांतपणे म्हणाला. "तुला दुसरं स्थळ बघू. तू काय म्हातारी झाली नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी बुरखा घेतला, धाकट्या बहिणीला, नबीसूला, बरोबर घेतलं आणि बंदराच्या कचेरीत गेले. आमच्या घरची बाई तिथं कधी गेली नव्हती. अनंतन गुमास्ता खुर्चीतून अर्धवट उठला.

"आमच्या गलबताला हिरवं निशाण मिळालेलं नाही," मी म्हटलं. "ते चढवा. उशीर झाला तरी चालेल."

"कुठलं निशाण, उम्मा?" त्यानं अदबीनं विचारलं.

मी सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा अवघडत गेला. "अहो, तो नियम मागच्या साहेबाच्या वेळीच रद्द झाला. काठीला दोरसुद्धा नाही. बुरुजाच्या जिन्याला कुलूप आहे, वर कुणीच जात नाही."

"मग सगळी गलबतं शिडं का उतरवतात?"

"ते तुम्हीच सांगायचं." त्यानं खिडकीकडे पाहिलं. तिथून बंदराचं तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि तिच्यापुढे दोन आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. "नवा पाहुणा आला की साहेब मुद्दाम इथं बसवून दाखवतो."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारायलाच आलं नाही, उम्मा."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तरी मी म्हटलं, "ते जाऊ द्या. आज एक निशाण चढवा."

"नसलेल्या नियमाची परवानगी कशी देणार?" गुमास्ता खरोखरच विचारात पडला. "त्यासाठी आधी नियम पुन्हा करावा लागेल."

परत येताना नबीसू रडत होती. "घरी काही बोलायचं नाही," मी तिला बजावलं. बिचाऱ्याला हसणारा माणूसही तिथं नव्हता, हे पोक्करला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? कुणी मागितलं नसताना तो वाकला होता. हे कळलं असतं तर तो आमच्या पायऱ्याच काय, जगातली कुठलीच पायरी पुन्हा चढला नसता.

तो आला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. "निशाण चढलं. मी कचेरीत जाऊन चढवून घेतलं."

"तू स्वतः पाहिलंस?"

"ह्या डोळ्यांनी."

"तो माणूस होता?"

"होता."

"हसत होता?"

"नाही," मी म्हटलं, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हटलं, "वाकून उभा होता. तुमच्याकडून माफी मागितलीय त्यानं."

पोक्करनं लांब श्वास सोडला. त्या दिवशी त्यानं घास तोंडापर्यंत नेला. दालनातला दिवा नबीसूनं ओढला तो सरळ तुळईला जाऊन टेकला, आणि सगळं घर त्याच्याकडे बघून हसलं. मी स्वयंपाकघरात होते.

गलबत निघालं त्या सकाळी अख्खी पेठ किनाऱ्यावर लोटली होती. मी माडीवर थांबले नाही, वाळूत उतरून सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. मला ते दृश्य हक्कानं बघायचं होतं. अवरानची आरोळी ऐकू आली, मग दोर सरसरल्याचा आवाज, मग कापडात वारा भरल्याचा तो मोठा धप्पकन आवाज, आणि लोकांनी एकच गलका केला.

"गेलं वर!" नबीसू माझा हात ओढत ओरडली. "पार टोकापर्यंत! काठीसमोरून चाललंय बघ, अजून वरच आहे! इत्ता, नाखवा तुला हात करतायत. बघ ना!"

"बघतेय की," मी मान वर न करता म्हटलं.

माझ्या पायांशी ओल्या वाळूत एक लहानसा खेकडा बिळातून बाहेर आला, थोडा थांबला, आणि पुन्हा आत गेला.