अर्धी गोळी

दवाखान्यातून परतल्यावर सगळे माझ्याशी फार गोड वागायला लागले, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लोणावळ्यात श्रीपतीशेठांच्या चिक्कीच्या कारखान्यात मी भट्टीवर होते. गुळाचा पाक झाला की नाही, ते मी सांगायची. आमच्याकडे रीत अशी, की पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा, घट्ट झालेली गोळी एकीनं दातानं अर्धी तोडायची आणि उरलेली अर्धी दुसरीनं खायची. दोघींनी 'झाला' म्हटलं की कढई उतरायची. माझी जोडीदारीण कुसगावची पुतळाबाई.

बासष्ट साली मला क्षय झाला. वर्षभर तळेगावला दवाखान्यात काढलं. निघताना डॉक्टर म्हणाले, थुंकी साफ आहे, तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही, खुशाल कामावर जा. शेठांनाही त्यांनी तेच कळवलं.

शेठांनी कामावर घेतलं, पण दाराजवळ पुड्या बांधायला बसवलं. भट्टीचा धूर तुला सोसायचा नाही, म्हणाले. म्हणजे पाक चाखायला मी नको, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या पुड्या मात्र माझ्याच हातच्या! शेठाणी अनसूयाबाई मला नव्या कोऱ्या कपात चहा द्यायच्या. बाकीच्या बायकांचे कप टवके उडालेले. मी काय दूधखुळी होते? पुतळा रोज तब्येत विचारायची, पण उभ्या उभ्या. माझ्या जागी तिनं सरूबाईला जोडीला घेतलं होतं. पुतळानंच शेठांचे कान भरले असणार, असं मी धरून चालले. ठसका लागला तरी मी गिळायची, कारण खोकले की लगेच सगळ्यांचे हात थांबायचे.

दिवाळीच्या तोंडावर सरूबाई गावी गेली. कढई चढली आणि जोडीला कुणी नाही. मी पुड्या टाकून उठले. शेठांना म्हटलं, मी चाखते, नाहीतर घरी जाते. धूर मला सोसला असता, तो दारातला मान सोसवत नव्हता. शेठ पुतळाकडे बघायला लागले. ती कढई ढवळत राहिली.

मी थेंब पाण्यात टाकला, गोळी तोडली. कट्‌कन मोडली. उरलेली अर्धी पुतळापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"घे की. शेटचं कान भराया बरी फुडं व्हतीस."

"म्या कुनाचं कान भरलं न्हाईत," ती म्हणाली. "पर मला भ्या वाटतंया, भागू. घरात बारकी पोरं हायती."

आल्यापासून माझ्याशी खरं बोललेली ती पहिलीच. राग यायला हवा होता; रडू आलं.

"मलाबी त्येच भ्या व्हतं," मी म्हटलं. "डाक्टरला पयलं त्येच इचारलं, माज्या पोरांना जवळ घिऊ का. आता रोज कुशीत घिऊन निजते."

पुतळा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं गोळी उचलून तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"झाला," ती म्हणाली.

तोवर कढईतला पाक करपून काळा झाला होता. कारखानाभर धूर. शेठ दोघींवर सारखेच कडाडले. गप्पा हाणायला बोलावलंय का, डोळे फुटले होते का, आता दोघींनी मिळून कढई घासा, म्हणाले.

दवाखान्यातून आल्यापासून मला कुणी असं बोललं नव्हतं. मी पदर खोचला आणि राख घेऊन पुतळाशेजारी बसले.