ओली चादर आणि लाल पिशवी

मित्रांनो, मी शेकायची एक जुनी पिशवी आहे. रबराची, लाल. जवळ आलात तर थोडा वास येईल, पण नाक मुरडू नका. वय झालं की रबराला तसा वास येतोच. न्हाणीघराच्या दारामागे एका खिळ्याला मी उलटी टांगलेली असते. माझ्या बुडाशी एक काळं ठिगळ आहे. घरी कुणी आलं आणि दार लोटताना मी दिसले, की हमखास विचारतात, "ही अजून टाकली नाहीत?" मग या घरातली दोघं नवरा-बायको एकमेकांकडे न बघता दुसराच विषय काढतात.

ते तसं का करतात, ते आज तुम्हाला सांगते.

मी जन्मले तेव्हा मऊ होते आणि चकचकीत होते. साच्यातून काढल्यावर माझ्या अंगावर उभ्या रेघा उठलेल्या होत्या, मला वापरणाऱ्याला चटका बसू नये म्हणून. गळ्याशी घट्ट पिळायचं बूच होतं. औषधांच्या दुकानातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं विकत आणलं. दिवसभर यंत्रावर वाकून तिची कंबर धरायची. संध्याकाळी ती एक पातेलं पाणी तापवायची. तेवढंच पाणी माझ्यात मावायचं, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. मग मला पाठीशी घेऊन ती भिंतीला टेकायची आणि मोठा सुस्कारा सोडायची.

"माझ्या लेकापेक्षा हिला माझी पाठ कळते," ती शेजारणींना सांगायची.

लेक तेव्हा घराखालच्या गाळ्यात सायकलींची पंक्चर काढायचा. त्याला सगळे पंक्चर याच नावानं हाक मारायचे. आई मात्र रागावली तरच त्या नावानं बोलवायची.

ते कौतुक मला पुरलं असतं, पण माझ्याकडून एक चूक झाली. एकदा पलंगावर एका नवरीचा रेशमी पोशाख शिवून ठेवलेला होता. आई दमून त्याच्याच शेजारी मला घेऊन टेकली, आणि तिचा डोळा लागला. माझा बुडाचा सांधा थकला होता. मी गळले. जाग आली तेव्हा रेशमाचा रंग उतरून चादरीवर पसरला होता. तिनं हूं की चूं न करता तो पोशाख पुन्हा पहिल्यापासून शिवला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "एकदा गळली ती गळलीच."

पंक्चरनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि मला ठिगळ लावलं. ते ठिगळ पक्कं होतं. पण मित्रांनो, भोक बुजलं तरी नाव बुजत नाही. मी कपाटावर गेले, आणि तिथे माझ्या अंगावर धूळ साचत गेली.

पुढे पंक्चरचं लग्न झालं. सूनबाई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तिचा आवाज असा, की पळणारा माणूससुद्धा थांबून ऐकायचा. शिवणकामवाली आई अधूनमधून लेकीकडे राहायला दुसऱ्या गावी जायची. ती अशीच तिकडे असताना हा दिवस आला.

सकाळी न्याहारी चालू होती. सूनबाईच्या हातातला कप अर्ध्यात थांबला.

"आली," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझी आत्या. अरे, कळ आली."

पंक्चर उठला, बसला आणि पुन्हा उठला. "निघायचं?"

"नाही," ती म्हणाली. "या वेळी नाही."

त्याला कारण होतं. दोघांचं हे पहिलंच मूल. पोटात काही झालं की धावत प्रसूतिगृहात जायचं, असं दोनदा झालं होतं. पहिल्यांदा नुसता वात निघाला, दुसऱ्यांदा खोट्या कळा. दुसऱ्या खेपेला तिथल्या सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "काय हो, रांगेतली एक खुर्ची तुमच्या नावावर करू का?" रांगेतल्या बायका हसल्या. रोज हजार माणसांशी बोलणारी सूनबाई तेव्हा एक शब्द बोलू शकली नाही.

खरं तर त्याच सिस्टरनी दारापर्यंत येऊन तिचा हात हातात घेतला होता. "पहिलटकरणीला वेळ लागतो," त्या म्हणाल्या होत्या. "कळा लागल्या तरी घरी थांबा, हिंडा-फिरा, पाठ शेका. पण पाणी गेलं तर मात्र थांबायचं नाही. तुमच्या बाळाचं डोकं अजून वरच आहे. पाणी गेलं की नाळ खाली घसरायची भीती असते." दोघांनी मान हलवली होती. पण घरी येताना सोबत आली ती खुर्चीची गोष्ट.

मित्रांनो, तुमच्यातल्या लहानांना सांगते. बाळ आईच्या पोटात एका पिशवीत असतं आणि त्या पिशवीत पाणी असतं. म्हणजे ती माझीच मावसबहीण म्हणा. बाळ यायच्या वेळी ती फुटते. तिचं काम फुटायचं आणि माझं काम न फुटायचं.

पंक्चरनं आईला फोन लावला.

"मला पोचायला संध्याकाळ होईल," आई म्हणाली. "तोवर तिची पाठ शेक. कपाटावर ती लाल पिशवी आहे. पण बुडाकडे लक्ष ठेव रे, ती दगा देते."

दगा. एवढ्या वर्षांनी आठवण निघाली ती अशी. पण त्यानं मला पुसलं, पातेलंभर पाणी तापवून माझ्यात भरलं, बूच पिळलं आणि मला सूनबाईच्या कंबरेला लावलं. मला पुन्हा एक पाठ मिळाली.

सकाळ तशी हसतखेळत गेली. ती टेबलावर हात टेकून उभी राहायची, तो मागून मला दाबून धरायचा. कळ ओसरली की ती स्थानकावरचा आवाज काढायची.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. यानंतरची कळ थोड्याच वेळात फलाट एकवर येत आहे. पंक्चरवाल्यांनी हवा भरून तयार राहावे."

"माझीच हवा गेलीये," तो म्हणायचा. "गाडी आत कधी लागणार ते सांगा, बाई."

"चौकशी खिडकीवर विचारा."

दोघं हसायची. पण मी तिच्या पाठीला चिकटलेली होते. मला ती पाठ दगडासारखी घट्ट होताना कळत होती. आवाजात मात्र त्यातलं काही उतरत नव्हतं. मी माझ्या परीनं ऊब देत राहिले, आणि ती "बरं वाटतंय, बरं वाटतंय" म्हणत राहिली. दुखणं हलकं करणं हेच माझं काम. त्या दिवशी त्याच कामानं मी तिला घरी बसवून ठेवत होते, हे मला नंतर उमगलं.

दुपारी ती पलंगाच्या कडेला बसली होती. पाठीशी उशी होती आणि मध्ये मी. एक मोठी कळ येऊन गेली. ती उठू लागली, आणि खाली चादर ओली दिसली. कोमट, तळहाताएवढी, मग बशीएवढी.

दोघंही त्या ओलीकडे बघत राहिली.

"गळली," पंक्चर म्हणाला. "आईनं सांगितलं होतं."

सूनबाईनं चादरीचं टोक ओढून ओल झाकली. मग म्हणाली, "हो. तीच असेल."

मी गळले नव्हते, मित्रांनो. माझं ठिगळ जागच्या जागी होतं. पण पिशवीला तोंड असतं ते पाणी भरण्यापुरतं. आणि खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, मीच असेन. एकदा ज्याच्यावर डाग पडतो ना, तो पुढे प्रत्येक ओलीकडे बघून आधी स्वतःलाच चाचपतो.

पंक्चरला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. "मी लावलेलं ठिगळ निघालं," तो पुटपुटला. त्याच्या गाळ्यात आजवर असं झालं नव्हतं.

"राहू दे ना आता ते," ती म्हणाली.

"राहू दे कसं? तुला शेकायला काय देऊ? आत्ता लावून देतो."

त्यानं चादर बदलली. तिला खुर्चीत बसवलं आणि खाली गाळ्यात गेला. कानस, रबर चिकटवायचं सोल्युशन, रबराचा तुकडा, कात्री. सोल्युशनची नळी वाळली होती म्हणून दुसरी शोधली. वरच्या खोलीत ती एकटीच होती. मी टेबलावर होते. एक कळ आली, तेव्हा तिनं मला उचललं आणि पोटाशी धरलं. तिची नखं माझ्यात रुतली. तिच्या ओठांवर घोषणा नव्हती. ती हळूच म्हणत होती, "पिशवीच असू दे. पिशवीच असू दे."

तो वर आला आणि मला न्हाणीघरात घेऊन गेला. बादलीत पाणी घेतलं. ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ही त्याची रीत. त्याआधी माझ्यातलं पाणी त्यानं पातेल्यात ओतलं, सवयीनं, त्याच पातेल्यात.

पातेलं काठोकाठ भरलं.

तो बघत राहिला. मला उलटी करून झटकलं. शेवटचे दोन थेंब पातेल्यात पडले आणि काठावरून ओघळले. मग घाईनं त्यानं माझ्यात हवा भरली, बूच पिळलं, मला बादलीत दाबलं. ठिगळाशी दाबलं, गळ्याशी दाबलं. एकही बुडबुडा आला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा ट्यूब चांगली निघाली म्हणून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या कोपरापासून पाणी ठिबकत होतं. "पिशवीतून थेंबही गेलेला नाही," तो म्हणाला. "मग चादरीवर काय होतं?"

तिनं मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण मी विचारही केला नाही. तू पिशवी म्हणालास, मला बरं वाटलं. पुन्हा तिथे जाऊन नुसतीच परत आले असते तर..." पुढचं वाक्य कळेनं तोडलं. त्या आवाजाला तुटताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं.

त्यानं प्रसूतिगृहात फोन लावला. सिस्टर ओरडल्या नाहीत, त्यानं तो आणखीच घाबरला. "कधी गेलं पाणी?" त्यांनी विचारलं. त्याला सांगता येईना. "बरं. तिला आता चालवू नका. डाव्या कुशीवर आडवी करा, कंबरेखाली उशा द्या. गाडी पाठवते. बाळ हलतंय का?"

"हलतंय का गं?"

"हलतंय वाटतं," ती म्हणाली. त्या 'वाटतं'नं त्याचा चेहरा उतरला.

माणसं आली, जिना वाजला, दार लागलं. मी बादलीतच राहिले.

हवा भरलेली होती, त्यामुळे बुडताही येईना. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पाण्यावर तरंगत होते आणि मनात एकच विचार होता. त्या रेशमावर मी गळले नसते, तर आज कुणाला माझी शंका आली असती का? चादर ओली झाल्याबरोबर दोघं धावली असती. मी निर्दोष होते, मित्रांनो, पण त्यानं माझं मन हलकं झालं नाही.

संध्याकाळी किल्ली वाजली. पंक्चर एकटाच आला. तो न्हाणीघरात येऊन पाटावर बसला. मला बादलीतून काढलं, बूच उघडलं, पुसलं. मग मला मांडीवर ठेवून फोन कानाला लावला.

"आई, थेट प्रसूतिगृहातच ये. मुलगी झाली." त्याचा आवाज बसला होता. "पोट फाडून काढली. नाळ खाली यायला लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर... नाही, आहेत. दोघी बऱ्या आहेत." मग माझ्या ठिगळावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "आई, मी ठिगळ शोधत बसलो होतो गं. ती वर एकटी होती आणि मी सोल्युशन शोधत होतो."

पलीकडून आईचा आवाज माझ्यापर्यंत आला. "दगा देते असं मीच सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली.

बाळ घरी आलं. बघायला येणाऱ्यांना दोघं सगळं सांगायची, फक्त ओल्या चादरीची गोष्ट सोडून. पंक्चर सूनबाईसाठी नवी पिशवी घेऊन आला, फुलाफुलांच्या कापडात शिवलेली. तिनं ती कपाटात ठेवली.

"मला लालच दे," ती म्हणाली.

त्यानं मला भरून तिच्या पाठीशी लावलं. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं.

"माझंच चुकलं," तो तिच्या पाठीशीच बोलला.

"तुझं कसलं? मी खोटं बोलले."

"मी आधी तुला विचारायला हवं होतं. मी पिशवीला विचारत बसलो."

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग स्थानकावरच्या आवाजात, पण बाळ उठणार नाही इतक्या हळू म्हणाली, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तो हसला नाही. त्यानं कपाळ तिच्या पाठीवर टेकलं, आणि मी दोघांच्या मध्ये दाबली गेले.

त्यानंतर दर वर्षी मुलीच्या वाढदिवशी या घरात एक गोष्ट होते. तो मला पातेलंभर पाण्यानं भरतो, थोडा वेळ पलंगावर ठेवतो, मग पुन्हा त्याच पातेल्यात ओततो. मुलगी विचारते, "बाबा, हे काय करता?" तो म्हणतो, "हिची माफी मागतो." मुलीला ती गंमत वाटते. सूनबाई स्वयंपाकघरातून विचारते, "भरलं?" आणि तो सांगतो, "काठोकाठ."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यात उकळतं पाणी ओतू नका, काम झालं की बूच काढून उलटी टांगा. आणि घरात कुठे ओल दिसली, तर आधी माणसाला विचारा, तुला काय होतंय. एकदा चुकलेल्याकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. पण तेवढ्यात खरं दुखणं कुणाच्या तरी पोटात पुढे सरकत असतं.

परवा मुलीचा वाढदिवस झाला. पंक्चरचे केस आता पिकलेत. त्यानं मला भरलं, पलंगावर ठेवलं, पुन्हा ओतलं. पातेल्यात पाणी बोटभर कमी होतं. या वेळी मी खरोखरच गळले होते. ठिगळाच्या बाजूला चादर ओली झाली होती. त्यानं तिच्यावर हात फिरवला, मग माझ्यावर.

"भरलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्यानं चादर उलटी करून अंथरली.

"काठोकाठ," तो म्हणाला, आणि मला पुसून खिळ्याला टांगलं.