हेलिगचा पहिला मासा

मासा ओट्यावर आला तेव्हाच मला त्याची शेपटी आवडली नाही.

हंगामाचा पहिला ट्राउट हेलिग नदीच्या राखणदाराच्या घरी शिजतो, ही आमच्याकडची रीत. आधी माझ्या सासूने शिजवला, मग मी. नवरा राखणदार होता. तो गेल्यावर मुलगा गेथिन झाला, पण चूल माझीच राहिली. ओटच्या पिठात घोळवायचा, बेकनच्या चरबीत तळायचा, आणि पहिला घास घरच्या बाईने खाऊन म्हणायचं, "हेलिगचाच." मग मासेमारी क्लबातले बाकीचे खाणार. एरवी मासा नदीकाठीच साफ होऊन येतो. यंदा अख्खा आला, कारण मिस्टर पिकरिंगना फोटो हवा होता.

हे पिकरिंग बर्मिंगहॅमहून निवृत्त होऊन आमच्या गावी आलेले. क्लबचं बातमीपत्र तेच काढतात. पाणमांजर कुठे दिसलं, कुणी कुठे झाड लावलं, कुणाच्या गुरांनी काठ तुडवला, सगळं छापतात. माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याच्या हाताकडे बघावं असं मला सासूने शिकवलं होतं.

"मिसेस बेविन, मासा जरा वर धरा. आणि हसा."

"मासा हसत नाहीये, मी कशाला हसू?"

सगळे हसले. खूश होते बिचारे. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी कुणाच्याच गळाला काही लागलं नव्हतं आणि मी कोरडा पाव वाढला होता. यंदा सकाळीच मासे लागले. ही मंडळी दिवाणखान्यात बूट सुकवत बसली आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून सुरी घेतली.

नदीच्या माशाची शेपटी कोपऱ्यांना टोकदार असते. याची झिजून गोल झालेली, छातीचे पर खुरटलेले, सिमेंटच्या भिंतीला घासून होतात तसे. पोट चिरलं तर आतड्याभोवती पांढरी चरबी, लग्नातल्या पाहुण्यासारखी. आणि पोटात ना किडा, ना अळी. तपकिरी गोळ्यांचा लगदा. पैदाशीच्या तळ्यात घालतात ते खाद्य.

आता हे नीट सांगते. आमच्या क्लबाने बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं की तळ्यातला मासा आणून नदीत सोडायचा नाही. तो आयता वाढलेला हावरा मासा नदीच्या माशाची पिल्लं खातो आणि पुढे त्याचीच अवलाद होते. नदीला तिचे तिचे मासे वाढू द्यायचे, कमी का होईनात. ज्याने हे मोडलं त्याला क्लबातून कायमचं बाहेर काढायचं. यावर सगळ्यांनी हात वर केले होते, माझ्या नवऱ्याने दोन्ही.

मी लगदा कागदात बांधून कपाटात ठेवला. मासा तळला, पहिला घास घेतला. मऊ, पिठूळ.

"मग, काय म्हणता?" क्लबचे अध्यक्ष इडवल यांनी विचारलं. जाडे, प्रेमळ, कुणाशी वाईटपणा न घेणारे.

"खा. गार होतंय," मी म्हटलं.

"हेलिगचाच" हा शब्द मी उच्चारला नाही. पिकरिंगच्या लक्षात आलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. गेथिन मान खाली घालून बूट पुसत होता.

त्या आठवड्याचं बातमीपत्र आलं. वर माझा आंबट चेहऱ्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात "हेलिग पुन्हा जागी झाली!" मग पिकरिंगच्या कामाचं पिकरिंगनेच केलेलं कौतुक. सावलीसाठी लावलेल्या फांद्या, साफ केलेली खडी, आणि बघा, मासे आले. ज्याला फायदा त्याचंच काम, दुसरं कोण? शिवाय त्यांची ती मोठी हिरवी व्हॅन भल्या पहाटे नदीकडे जाताना मी खिडकीतून पाहिली होती. मागची काच झाकलेली.

दुकानात नेस्टाला मी एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशीचा मासा तळ्यातला होता. आणि व्हॅन कुणाकडे आहे ते तुला ठाऊकच आहे."

नेस्टाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. मला ते ठाऊक होतं. म्हणून तर तिला सांगितलं.

चार दिवसांत पिकरिंगशी लोक बोलेनासे झाले. मग ते स्वतःच माझ्या दारात आले, टोपी हातात.

"मिसेस बेविन, तुम्ही माझ्याबद्दल काही म्हणालात असं कळलं."

"पुष्कळ म्हणते मी. त्यातलं कुठलं?"

"माझ्या व्हॅनबद्दल."

"मग उघडून दाखवा की."

त्यांनी दाखवली. आत वाळुंजाच्या फांद्यांच्या जुड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. चिखल, फावडी, एक जुनी छत्री. मी नाक आत घालून वास घेतला. माशाचा वास नाही.

"धुतली असेल," मी म्हटलं.

"ही व्हॅन?" ते एकदम हसले. "अहो, तळ्यातले मासे सोडायचे असते तर मी सबंध हिवाळा गुडघाभर पाण्यात खडी कशाला उपसली असती? वरच्या उथळात नदीच्या ट्राउटने अंडी घातली आहेत. पिल्लं आता खडीतून वर येतील. तुमचं म्हणणं खरं असेल, तर ती सगळी खाल्ली जाणार. तुमची खात्री आहे का?"

"माझ्या ओट्याची खात्री मला नसेल तर कुणाला?"

"मग कुणीतरी केलंय," ते हळूच म्हणाले, "आणि ते मी नाही."

ते गेल्यावर डोक्यात किडा वळवळू लागला. मासा अख्खा आणायला सांगितला यांनीच. स्वतः सोडलेला मासा कुणी माझ्या सुरीखाली अख्खा देईल? पण मी तो विचार दाबला. बोलून बसले होते ना गावभर.

मग सोमवार, धुण्याचा दिवस. गेथिनचं कामाचं जाकीट पाण्यात टाकण्याआधी खिसे उलटे केले. सुतळी, चाकू, एक बिस्कीट. आणि अस्तराच्या शिवणीत अडकलेल्या तपकिरी गोळ्या. एक पाण्यात टाकली. फुगली, तिचा लगदा झाला. कपाटातला कागद काढून शेजारी ठेवायचीही गरज नव्हती.

मी जाकीट तसंच ओट्यावर ठेवलं आणि वाट बघत बसले. तो आला, जाकीट बघितलं, गोळ्या बघितल्या, आणि खुर्ची ओढून बसला.

"मॅम." आमच्याकडे आईला असंच म्हणतात.

"चहा घे आधी. मग खोटं बोल."

"खोटं नाही बोलत. मीच सोडले. खालच्या डोहात, पुलाजवळ."

"का?"

"गेल्या वर्षी निम्मे सभासद गेले. यंदाही पहिल्या दिवशी रिकामे परतले असते, तर उरलेलेही गेले असते. क्लब नाही तर राखणदार कशाला? आणि राखणदार नाही तर हे घर कुणाचं? तू कुठे जाशील, या गुडघ्यांनी?"

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. नदीत मासे त्यांनी नाही सोडले."

"सभा शुक्रवारी आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "पिकरिंगला काढणार. काढू दे. त्याचं बर्मिंगहॅमला घर आहे. आपलं काय आहे? आणि मॅम, त्याचं नाव मी नाही घेतलं. तू घेतलंस."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा होता. तरी घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत सगळे जमले. पिकरिंग एकटेच एका बाकावर, बाजूला कुणी नाही. इडवल घसा साफ करत म्हणाले, "हे कुणालाच आवडणारं नाही. पण मेरवेन बाख, तुम्ही मासा चिरलात. काय दिसलं ते तुमच्या तोंडून ऐकू या, म्हणजे ठराव घेता येईल."

"बाख लहान पोरींना म्हणतात, इडवल. मी तुमचं नाक पुसलंय."

कुणीतरी हसलं. मी उभी राहिले. गेथिन दाराशी होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेवढ्यानेच मला कळलं की मी काहीही बोलले तरी तो अडवणार नाही. घराच्या भिंती, तो ओटा, सासूचं कढलं, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि तो बाकावरचा एकटा माणूस, जो पहाटे फांद्या लावायला जात होता आणि ज्याला मी चोर केलं होतं.

"मासा तळ्यातला होता," मी म्हटलं. "यांनी नाही सोडला. माझ्या मुलाने सोडला. पिकरिंगचं नाव मी घेतलं ते चुकीचं होतं. झालं. आता हात वर करायचे ते करा."

कुणी हात वर केला नाही. इडवल कागदाच्या कडा जुळवत राहिले, फार वेळ, आणि मला दुसराच संशय आला. जन्मभर गळ टाकणाऱ्या या माणसांना झिजलेली शेपटी दिसली नव्हती? एकालाही? फोटोत तर स्पष्ट दिसत होती.

"इडवल, तुम्हाला कधी कळलं?"

"अहो, मला कुठे..." ते म्हणाले आणि टोपी शोधू लागले. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती.

पिकरिंग उठले. माझ्याकडे नाही, गेथिनकडे वळले. "कुठल्या डोहात? पिल्लं आता कुठल्याही दिवशी वर येतील. बाकीचं नंतर बघू."

शेवटी ठरलं ते असं: आधी तळ्यातले मासे काढायचे. गेथिन शरद ऋतूपर्यंत राखणदार राहील, मग क्लब ठरवेल. घराचंही तेव्हाच. इडवलना एवढंच जमतं, निर्णय पुढे ढकलणं, आणि त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

शनिवारी सगळे पुलाजवळ. दोन्ही बाजूंनी जाळं लावलं होतं, गेथिन कमरेभर पाण्यात. मासा हाती आला की तो उलटापालटा करून बघे आणि काठावर टाके. बादली भरत होती. पिकरिंग जाळ्याचं दुसरं टोक धरून उभे होते. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते, "ओढा", "सोडा", एवढंच.

दुपारी एक मासा आला तो गेथिनने पाण्याबाहेर काढलाच नाही. जाळ्यातच तळव्यावर धरून ठेवला.

"हा नदीचा आहे," तो म्हणाला.

इतके दिवस त्याने असं म्हटलं की विषय संपत असे. आता काठावर कुणी हललं नाही. इडवल माझ्याकडे वळले. मग नेस्टा, मग बाकीचे. पिकरिंगही. गेथिन सगळ्यात शेवटी.

मी काठावरून खाली उतरले. बुटात पाणी शिरलं, गुडघे बोंबलले. त्याने मासा माझ्यासमोर धरला. त्याचं काम तपासायला मी आजवर कधी वाकले नव्हते. वाकले. शेपटी पाहिली, दोन्ही बाजूंचे पर पाहिले, लाल ठिपके पाहिले. गेथिनच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"सोड," मी म्हटलं.