ठकुबाईला गोळी दिली न्हाई

आमच्या वेल्ह्याकडं भातलावनी सावडीनं व्हती. आज तुज्या खाचरात समद्या बाया, उद्या माज्या. जी दुसरीच्या चिखलात वाकली न्हाई, तिच्याकडं कोन येत न्हाई. आन माज्या कंबरेपासनं टाचेपतुर तर नुसती आग! दोन सालं मी सावडीभाईर. आमचे मालक, माजे धनी, मजूर धुंडत हिंडायचे आन मी बांधावर बसून रडायची. या साळूबाईला बांधावर बसवलं म्हंजे काय!

शेवटी सून राजनंदिनीनं मला भोरला डॉक्टरीनबाईंकडं नेलं. त्यांनी पाय-कंबर तपासली आन मी खाते त्या समद्या गोळ्या टेबलावर वतायला लावल्या. बीपीची चालू ठिवली, बाजारातनं आनलेली अंगदुखीची बंद केली. म्हनल्या, "ही नवी गोळी उदासीवर देतात, पण नसांच्या दुखण्यावरही चालते. तुम्हाला नसांसाठी देतेय. गुण यायला काही आठवडे लागतील. आपल्या मनानं वाढवायची नाही, एकदम बंद तर अजिबात करायची नाही. मन बिघडल्यासारखं वाटलं तर लगेच फोन करायचा."

गोळी सुरू झाली आन तोंडाला कोरड, जेवान नकोसं. दुखनं व्हतं तितंच. त्यात ठकुबाईनं, म्हंजे आमच्या सावडीच्या म्होरकीनं, पान्याच्या टाकीपाशी बोंब ठोकली, "साळूला येड्याची गोळी लागली गं!" माजं टाळकंच सरकलं. घरी येऊन गोळ्या चुलीत टाकाया निघाले, तर राजनंदिनी आडवी आली.

"आत्या, बंद करायची तर डॉक्टरांना इचारून करू. आदी फोन."

फोनवर डॉक्टरीनबाई म्हनल्या, जेवनानंतर घ्या, पानी पीत ऱ्हावा, अजून थोडं थांबा. थांबले. ठकुबाईवरच्या रागानं थांबले म्हना की!

आन एका सकाळी चुलीपुढनं उठले, तवा ध्यानात आलं की मी "आई गं" म्हनलेच न्हाई. पुन्यांदा बसले, पुन्यांदा उठले. राजनंदिनी हसाया लागली, मी रडाया लागले. दुखनं समदं गेलं न्हवतं, पन त्याची मस्ती उतरली व्हती.

लावनीला ठकुबाईच्याच खाचरात उतरले. मधी मधी सावकाश कंबर सरळ करायची आन पुन्यांदा वाकायचं. पन वळीत मागं पडले न्हाई.

दुपारी बांधावर भाकऱ्या सुटल्या. सावडीत कांदा, चटनी, तंबाखू समदं वाटून खायाचं. अंगदुखीची गोळीबी अशीच हातोहात फिरती. ठकुबाई गुडगा चोळत माज्याकडं सरकली. "साळे, तुजी ती गोळी काढ की एक."

सावडीत मागितल्यालं न दिलं, तर उद्या आपल्या खाचरात कोन येनार? आन माजी लावनी उद्याच!

तरी म्या म्हनलं, "माजी भाकरी घे, चटनी घे. गोळी देनार न्हाई. तू बीपीची खातीस, साखरेची खातीस. ही मला तपासून दिलीया. तुला काय झालं म्हंजे?"

"एवडा तोरा?"

"तोरा तर तोरा! भोरला चल, मी येते संगं. तुज्या गोळ्या टेबलावर वत, मंग त्या देतील ती खा."

ती भाकरी तशीच ठिवून उठली. सांजपतुर माज्याशी बोलली न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी खाचरावर आले, तर मालकांबिगर कोन न्हाई. ते माज्याकडं बघीनात. मला वाटलं, संपलं, पुन्यांदा बांधावरच बसायचं. तेवड्यात खालच्या वाटंनं बायांच्या डोक्यावरची पावसाची इरली दिसली. म्होरं ठकुबाई, लंगडत. आली ती थेट चिखलात उतरली आन रोपांची मूठ माज्या हातात कोंबली.

"वळ तू लाव, आमी मागनं येतो," म्हनली. "आन बुधवारच्या येष्टीला तयार ऱ्हा. माज्या गोळ्यांची पिसवी बांधून ठिवलीया."

मंग काय! अशी सुटले, अशी सुटले, की मागनं समद्या बाया वरडाया लागल्या, "अगं साळे, जरा दमानं!"